रेडिएटर तपासायचा आहे

धुलाईखोलीच्या किल्लीची वही माझ्याकडे असते.
तारीख, खोली, सही.
मी कुणाला काही विचारत नाही, वही आपोआप सांगते.
दोनशे चौदाची विल्या मंगळवारची गिऱ्हाईक,
परीक्षा आली की रोज;
धुण्यासारखं काही नसतं,
तरी मशीनसमोर मांडी घालून बसते,
गोल काचेत गरगरणारा एकुलता एक टॉवेल बघत.
एकशे सहातले दोघे पांढऱ्यात लाल घालतात
आणि आठवडाभर गुलाबी हिंडतात.
चारशे सतरा, राइगो: सात डिसेंबर.
पुढे सहीच नाही.

आज सव्वीस जानेवारी.
टार्टूत सूर्य कामावर उशिरा येतो आणि
चार वाजता सुटतो, कामचुकार कुठला.
नदी गोठली आहे.
मुलं चुकून जागी असल्यासारखी चालतात.

जिन्यापाशी विद्यापीठाने पत्रक लावलंय:
मनावर ताण आहे का? फोन करा.
खाली कातरलेल्या चिठोऱ्या, सगळ्यांवर एकच नंबर,
कंगव्याच्या दातांसारख्या.
पंधरा दिवस झाले, एकही दात पडलेला नाही.
येता-जाता मुलं वाचतात,
वाचत नसल्यासारखं करून.

मी काही शिकलेली बाई नाही.
नार्वाच्या सूतगिरणीत बावीस वर्षं काढली,
गिरणी बंद पडली तशी इकडे आले.
माझी एस्टोनियन अजून ठेचकाळते,
मुलं हसतात, पण दुष्टपणे नाही.
गिरणीत एवढंच कळलं होतं,
की धागा तुटायच्या आधी मागाचा आवाज बदलतो,
आणि त्या गोंगाटातही तो ज्याला ऐकू येतो
त्याच्याकडे मुकादम जरा बरा बघतो.

पाना घेऊन चौथ्या मजल्यावर गेले.
तिसऱ्या टकटकीला दार उघडलं, चार बोटं.
"रेडिएटर तपासायचा आहे."
"चालू आहे तो."
"तरी तपासायचा आहे."

पडदे बंद. बशीत वाळलेली राईची पावाची कड.
खुर्चीवर कपड्यांचा ढीग, माणूस बसल्यासारखा.
हिउमा बेटावरचं पोरगं, अंगात एकच स्वेटर,
कोपरं उसवलेली.
रेडिएटर उत्तम तापला होता. हात पोळला.
मी गुडघ्यांवर बसले, व्हॉल्व्ह सैल केला,
फुस्सकन हवा सुटली,
मग बराच वेळ बारीक शिट्टी.
"हवा अडकते," म्हटलं. "काढावी लागते."
उगाच. बोलायचं म्हणून.

तो माझ्या मागे पलंगावर बसला होता.
शिट्टी थांबली तेव्हा म्हणाला,
"घरी सांगितलंय, सगळे विषय सुटले."
आणि किती सुटले, ते सांगितलं नाही.
मला काहीतरी शहाणं बोलायचं होतं.
रशियनमध्ये सुचलं, एस्टोनियनमध्ये मोडलं.
म्हणून म्हणाले, "कपडे दे. दोन नंबरची मशीन रिकामी आहे."

आला खाली. पिशवी छातीशी धरून, अनवाणी.
सही केली, मुंगीएवढी.
चाळीस मिनिटं दोघं काचेकडे बघत बसलो,
मध्येच विल्या आली, तिचा टॉवेल घेऊन,
आणि काही न विचारता बाजूला बसली.
तिच्याकडे एक दह्याची वडी होती, चॉकलेट लावलेली.
तिचे तीन तुकडे काही नीट होत नाहीत.
मोठा त्याला गेला.

रात्री दिवे मालवताना
मी पत्रकाची एक चिठोरी फाडली.
पहिलं कुणी व्हायचं, तिथेच तर घोडं अडलेलं असतं.
शुक्रवारपर्यंत आणखी तीन गेल्या होत्या.
कुणी नेल्या, ते वहीत लिहीत नाहीत.

माझी अॅप्रनच्या खिशात आहे, पान्याशेजारी.
अजून तरी फोन केलेला नाही.
कधी मध्यरात्री हॉलवे ओलांडताना
बोटांना लागते ती.